पडद्यावरील मूळ रंग आणि डिस्प्ले ड्रायव्हर

डोकमर्डी (सिल्वासा) असो वा अन्य गाव, संगणक-प्रयोगशाळेत पडद्याचे रंग बिघडले की पहिला संशय मॉनिटरवर घेतला जातो व प्रसंगी चांगला मॉनिटर बाद होतो. वास्तविक रंग ठरविण्याचे काम मॉनिटरचे नव्हेच. पूर्वी मकतबातील मूल लिहिण्याआधी तख्ती धुऊन तिला मुलतानी माती लावून घेत असे. तेच काम ड्रायव्हरने पहिले अक्षर उमटण्यापूर्वी करावयाचे असते. ते राहिले, तर आधीच्या प्रोग्रामने सोडलेले रंग तसेच दिसत राहतात.

आयबीएमने 1987 मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीत 256 जागांचा एक रंगतक्ता असतो. प्रत्येक जागेत लाल, हिरवा व निळा यांच्या 0 ते 63 अशा मात्रा भरतात. म्हणजे एकूण 2,62,144 रंगांतून निवड करता येते. ड्रायव्हर 3सी8 या पोर्टवर जागेचा क्रमांक लिहितो आणि 3सी9 वर तीन मात्रा ओळीने देतो. नेहमीच्या 16 रंगांत फक्त 0, 21, 42 व 63 याच मात्रा येतात. फिकट करडा म्हणजे तिन्ही 42. तपकिरीत मात्र हिरवा 42 ऐवजी 21 ठेवला आहे, नाहीतर तो मळकट पिवळा दिसला असता.

पुढे आठ बिटांचे, म्हणजे 0 ते 255 मात्रांचे तक्ते आले आणि घोळ वाढला. अशा तक्त्यात जुन्या मात्रा भरल्या तर पडदा अंधारतो. उलट चूक अधिक फसवी आहे. जुना तक्ता वरचे दोन बिट सोडून देतो; त्यामुळे 170 चे 42, 85 चे 21 व 255 चे 63 होतात आणि मूळ 16 रंग बिनचूक दिसतात! पण 128 चे शून्य होते व मध्यम करडा एकदम काळा पडतो.

क्रमांकांचाही प्रश्न आहेच. व्हीजीएत 1 म्हणजे निळा व 4 म्हणजे लाल, तर एएनएसआय संकेतांत नेमके उलट. यासाठी लिनक्सच्या कन्सोल ड्रायव्हरमध्ये क्रम बदलणारा स्वतंत्र तक्ता ठेवलेला आहे.

मॉनिटर बाद करण्यापूर्वी बायोसचा सेटअप उघडून पाहावा. तेथे ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर आलेला नसतो. तेथील रंग ठीक असतील तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. तेथेही एखादा रंग गायबच असेल, तर प्रथम केबल तपासावी. पंधरा पिनांच्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा व निळा अनुक्रमे 1, 2 व 3 क्रमांकाच्या पिनांवरून येतात.