सरपंचाले मत नाही, मंग हा आमदार कोणाचा?

विधान परिषदेचा निकाल लागला की गुलाल जिल्ह्याच्या गावी उधळला जातो, फटाके तालुक्याला फुटतात. खेड्यातला माणूस दुरूनच पाहतो आणि पारावर विचारतो, ‘‘आपल्या गावात तं पेटीच आली नाही. मंग हा आमदार निवडला कोणं?’’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर कित्येक गावकारभाऱ्यांनाही सांगता येत नाही.

आपल्या वऱ्हाडातलाच निकाल घ्या. अकोला-बुलडाणा-वाशीम स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात १० डिसेंबर २०२१ रोजी मतदान झाले, १४ तारखेला मोजणी. भाजपचे वसंत खंडेलवाल यांना ४४३ मते पडली; लागोपाठ तीन वेळा निवडून आलेले शिवसेनेचे गोपीकिशन बाजोरिया यांना ३३४. संख्याबळ महाविकास आघाडीचे जास्त धरले जात होते, तरी बाजोरिया पडले. कोणाची मते फुटली यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. पण एकूण मतदार होते किती? तीन जिल्हे मिळून अवघे ८२२. बऱ्यापैकी मोठ्या गावात एकेका वॉर्डात एवढे मतदार असतात.

हे ८२२ कोण, ते कास्तकारांनी नीट समजून घ्यावे. जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, महापालिका आणि नगर परिषदांचे नगरसेवक. संपली यादी. पंचायत समितीचा साधा सदस्य त्यात नाही, सरपंच नाही, ग्रामपंचायत सदस्य नाही. जिल्हा परिषदेच्या जागा अकोल्यात ५३, वाशीमला ५२, बुलडाण्यात ६०. तीन जिल्ह्यांत तालुके २६, म्हणजे सभापती २६. सगळे धरून ग्रामीण भागाची मते होतात फार तर १९१. बाकीची सहाशेवर मते शहरांची आणि नगरांची. ज्या मुलुखात बहुतेक लोक खेड्यात राहतात, तिथे खेड्याच्या वाट्याला पावभरही मत नाही! आणि या आमदारालाही विधानसभेच्या आमदारासारखाच स्थानिक विकास निधी असतो. सभागृह, सिमेंट रस्ता, स्मशानशेड मागायला सरपंच त्याच्या दारी जातो तेव्हा त्याच्या हाती अर्ज असतो, मत नसते. पुढारी मंडळींना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

त्याच दिवशी, त्याच १० डिसेंबरला, शेजारच्या कर्नाटकातही विधान परिषदेच्या स्थानिक संस्थांच्या २५ जागांसाठी मतदान होते. तिथे मात्र ग्रामपंचायतीचा प्रत्येक सदस्य मतदार. एकट्या बेळगाव जिल्ह्यात आठ हजारांवर मतदार होते, त्यात आपल्यासारखेच मराठी बोलणारे ग्रामपंचायत सदस्यही आले. निपाणीकडच्या सदस्याला मत आहे. सीमा ओलांडून कागल तालुक्यात आले की सरपंचालाही नाही. बिहारमध्येही ग्रामपंचायतीला मत आहे. आता मत मिळाले की सारे चोख होते असे कोणी समजू नये. कर्नाटकातही पैशाच्या गोष्टी झाल्याच. पण ८२२ जणांना सहलीला नेऊन सांभाळता येते, आठ हजारांना गाडीत घालणे तेवढे सोपे नाही, इतका फरक तर आहेच.

याच निकालातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार खटकली. मतदान झाले ८०८, त्यातली ३१ मते बाद. हे मतदार कोणी अडाणी नव्हेत, स्वतः निवडून आलेले लोकप्रतिनिधी! या निवडणुकीत शिक्का नसतो. निवडणूक कर्मचारी देतील त्याच जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १ आकडा लिहायचा, वाटल्यास पुढे २, ३. बरोबरची खूण केली, अक्षरात ‘एक’ लिहिले, सही ठोकली, दोघांपुढे १ लिहिला की मत गेले. चुकून गेले की मुद्दाम घालवले, ते ज्याचे त्याला माहीत.

पदवीधरांच्या निवडणुकीतही तेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमरावती विभागात काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी भाजपचे रणजित पाटील यांना सुमारे ३,४०० मतांनी हरवले, आणि बाद मते आठ हजारांवर! इथे मात्र गावालाही वाव आहे. शेतकऱ्याचा पोरगा पदवी घेऊन तीन वर्षे झाली असतील आणि तो मतदारसंघात राहत असेल, तर त्याला मत आहे. पण विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून चालत नाही. दर निवडणुकीला ही यादी नव्याने होते, नमुना १८ भरावाच लागतो. गेल्या खेपेला नाव होते म्हणून घरी बसला, तो राहिला. शिक्षक मतदारसंघाचे वेगळेच. तिथे माध्यमिक शाळा आणि त्यापुढचे शिक्षक मतदार. गावातल्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे गुरुजी जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळी कामे करतात, पण ‘शिक्षक’ म्हणून त्यांना मत नाही.

२०२२ पासून आणखी एक विपरीत घडले. बुलडाणा जिल्हा परिषद आणि अकोला महापालिकेची मुदत त्या साली संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. अकोला, वाशीम जिल्हा परिषदांवर २०२५ च्या सुरुवातीला तीच पाळी आली. राज्यभर हेच चालले. निवडणूक आयोगाचा दंडक असा, की मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था चालू असाव्यात आणि ७५ टक्के मतदार हजर असावेत, तरच निवडणूक. त्यामुळे राज्यातल्या या वर्गातल्या २२ पैकी कित्येक जागांची मुदत संपली, पण निवडणूक लागेना, जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. या साऱ्या काळात ज्या गावांत ग्रामपंचायती चालू होत्या, तिथले सरपंच-सदस्य जागेवर होते. यादीत त्यांचे नाव असते तर मतदारांचा असा दुष्काळ पडला नसता.

हे बदलायचे तर मुंबईला खेटे घालून भागणार नाही. विधान परिषदेसाठी कोणत्या स्थानिक संस्थेला मत, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लिहिले आहे. कर्नाटक आणि बिहारच्या नावापुढे ग्रामपंचायत आहे, महाराष्ट्राच्या नावापुढे नाही. अनुसूची दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचा. तेव्हा ग्रामसभेने ठराव घ्यायचा झाल्यास त्याची एक प्रत आपल्या भागाच्या खासदारांकडे अवश्य जावी.