कामांच्या नोंदीचे साधन निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोणते काम कोणाकडे आहे, ते कोणत्या टप्प्यावर पोहोचले आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत पुरे व्हायचे आहे, याची सर्वांना एकाच जागी दिसणारी नोंद ठेवणाऱ्या साधनाला कार्य-व्यवस्थापन सॉफ्टवेअर म्हणतात. कार्यालयांच्या रोजच्या बोलण्यात तेच टास्कचे सॉफ्टवेअर होते. अशी साधने आज डझनांनी उपलब्ध आहेत आणि त्यांची निवड बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होते : विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो, वरिष्ठ अधिकारी सुविधांचा तक्ता पाहतात, दरपत्रकाची तुलना होते आणि निर्णय लागतो. या सगळ्यात ज्याला दिवसातून दहा वेळा त्या साधनात नोंद करायची असते त्याचे मत क्वचितच विचारले जाते. पुढे वर्ष-सहा महिन्यांत नोंदी मागे पडतात, खरे काम व्हॉट्सॲपच्या गटात आणि फोनवर चालते आणि साधन केवळ कागदोपत्री उरते. हे अपयश बहुधा साधनाचे नसून पारख करण्याच्या रीतीचे असते आणि त्या रीतीमागे काही पक्के रुजलेले गैरसमज असतात.

त्यांतला पहिला गैरसमज असा की, ज्या साधनात सुविधा जास्त ते साधन चांगले. प्रत्यक्षात प्रत्येक साधनाच्या पोटात कामाविषयीची एक विशिष्ट कल्पना दडलेली असते आणि ती त्याच्या जन्मकथेतून आलेली असते. सिडनी येथील ॲटलाशियन कंपनीने २००२ मध्ये आणलेले जिरा हे मुळात सॉफ्टवेअरमधील चुकांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाले. त्यामुळे क्रमांक असलेली तक्रार, तिची स्थिती आणि ती एका स्थितीतून दुसरीत नेण्याचे नियम ही त्याची मूळ घडण आहे. २००४ मध्ये आलेले बेसकॅम्प वेबसाइट तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीने स्वतःच्या ग्राहकांशी चालणारा संवाद एका जागी ठेवण्यासाठी बनवले, म्हणून त्यात चर्चेला आणि साध्या यादीला प्राधान्य आहे. २०११ मध्ये आलेल्या ट्रेलोत रकान्यांचा फलक आणि एका रकान्यातून दुसऱ्यात सरकणारी कार्डे एवढीच मूळ रचना होती. काम ज्या टप्प्यांतून ज्या क्रमाने पुढे जाते त्या मार्गाला कार्यप्रवाह म्हणतात, आणि साधनाची पारख करायची म्हणजे आपल्या टीमचा कार्यप्रवाह आणि साधनाने गृहीत धरलेला कार्यप्रवाह यांचा मेळ बसतो की नाही हे पाहायचे.

दिवाळी अंकाच्या संपादकीय टीमचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. तिथे एक लेख मागवला जातो, हाती येतो, संपादित होतो, मुद्रितशोधकाकडे जातो, मांडणीला लागतो आणि अखेर छपाईस सुटतो. चाळीस लेख हाच मार्ग आपापल्या गतीने चालत असतात, त्यामुळे रकान्यांचा फलक या कामाला नेमका बसतो. याउलट इमारतीच्या बांधकामात पाया पुरा झाल्याशिवाय खांब उभे राहत नाहीत आणि स्लॅब घट्ट झाल्याशिवाय पुढचा मजला चढत नाही. तिथे एक काम दुसऱ्यावर अवलंबून असते आणि हे अवलंबन कालरेषेवर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता लागतो, जो अमेरिकन अभियंते हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दिवाळी अंकाच्या टीमला गँट तक्ता देणे किंवा बांधकामाच्या टीमला केवळ कार्डांचा फलक देणे, दोन्ही तितकेच गैरसोयीचे आहे. सुविधांच्या तक्त्यात मात्र दोन्हींपुढे सारखीच बरोबरची खूण असते.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे आणि त्याचे नुकसानही अधिक आहे : साधन आले की कामाला शिस्त लागते, कामे भराभर उरकतात. रकान्यांच्या फलकाचा उगम ज्या पद्धतीत आहे ती पद्धत याच्या नेमके उलट सांगते. टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी १९५०च्या दशकात विकसित केलेल्या कानबान पद्धतीत (कानबान या जपानी शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक) पुढच्या टप्प्याने सुटे भाग वापरून कार्ड मोकळे केल्याखेरीज मागच्या टप्प्याने नवे भाग तयार करायचे नसत. म्हणजे कार्डाचे मुख्य प्रयोजन कामाची जाहिरात करणे हे नव्हते, तर नको तेव्हा काम सुरू होऊ न देणे हे होते. हातातल्या कामांची मर्यादा हा या पद्धतीचा गाभा आहे. संगणकाच्या पडद्यावर आलेल्या बहुतेक फलकांनी रकाने आणि कार्डे घेतली, आणि हा गाभा अनेक टीमच्या वापरात मागेच राहिला.

ही मर्यादा का महत्त्वाची, याचे उत्तर जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या एका साध्या सूत्रात आहे. एखाद्या स्थिर व्यवस्थेत सरासरी जितकी कामे हाती असतात त्या संख्येला दर आठवड्याला पुऱ्या होणाऱ्या कामांच्या सरासरीने भागले की एक काम पुरे होण्यास लागणारा सरासरी काळ मिळतो. दिवाळी अंकाच्या टीमने ३० लेख एकाच वेळी संपादनाला घेतले आणि आठवड्याला ५ लेख पुरे होत असतील तर प्रत्येक लेख सरासरी ६ आठवडे अडकून राहणार. एका वेळी १५च लेख हाती घेतले आणि गती तीच राहिली तर तोच काळ ३ आठवड्यांवर येतो. संपादकांची संख्या वाढलेली नाही, कोणी रात्रपाळी केलेली नाही, फक्त एका वेळी हाती घेतलेली कामे कमी झाली आहेत. साधनाची पारख करताना म्हणूनच एक प्रश्न अवश्य विचारावा : हे साधन एखादे कार्ड एका रकान्यात किती दिवस पडून आहे हे न शोधता दाखवते का, आणि रकान्याला मर्यादा घालू देते का? जिराच्या फलकावर रकान्याची कमाल संख्या ठरवता येते आणि ती ओलांडली की रकान्याचा रंग बदलतो. मात्र जास्तीचे कार्ड आत येण्यापासून साधन अडवत नाही. रंग बदलल्यावर थांबायचे की नाही हे टीमनेच ठरवायचे असते, आणि शिस्तीचा प्रश्न तिथेच, माणसांपाशी येऊन थांबतो.

याच्याशी जोडून येणारा आणखी एक समज असा की, साधनामुळे कोण किती काम करतो हे मोजता येते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेले निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते : एखाद्या मोजमापाचा उपयोग नियंत्रणासाठी होऊ लागला की त्यावर विसंबता येत नाही. पुऱ्या केलेल्या कार्डांची संख्या वार्षिक मूल्यमापनात धरली जाते असे कळताच एका लेखाचे एक कार्ड राहत नाही, त्याची ‘लेखकाला फोन’, ‘पहिले वाचन’, ‘शीर्षक निश्चिती’ अशी सात कार्डे होतात, आणि अवघड, वेळखाऊ लेख कोणीच उचलत नाही. ज्या साधनाच्या जाहिरातीत कर्मचाऱ्यांच्या हालचालींचे अहवाल हेच मुख्य आकर्षण असते ते टाळावे. नोंद करणाऱ्याला नोंदीची भीती वाटली की नोंद खोटी होते, आणि खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट.

मोफत म्हणजे बिनखर्चाचे, या समजाविषयी थोडक्यात सांगता येते. रेडमाइनसारखे २००६ पासूनचे मुक्त स्रोत साधन, म्हणजे ज्याची संगणकीय संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वापरता येते असे साधन, परवाना शुल्काशिवाय मिळते. परंतु सर्व्हर चालवणे, बॅकअप घेणे आणि नव्या आवृत्त्या बसवणे ही कामे कोणाच्या तरी वेळेतून होतात. उलट माणशी दर आकारणाऱ्या साधनांत मोफत टप्प्याची मर्यादा ओलांडताच खर्च सभासदांच्या संख्येबरोबर वाढत जातो. तुलना करायची तर दोन वर्षांच्या एकूण खर्चाची करावी, आणि त्यात शिकण्याचे व शिकवण्याचे तासही धरावेत.

क्लाउडवर, म्हणजे विक्रेत्याच्या सर्व्हरवर ठेवलेली माहिती कायमची सुरक्षित, हा समज मात्र विस्ताराने तपासण्यासारखा आहे. ५ एप्रिल २०२२ रोजी ॲटलाशियनमध्ये एक जुने उपसाधन काढून टाकण्यासाठी चालवलेल्या संगणकीय आज्ञावलीला चुकीचे ओळखक्रमांक दिले गेले आणि उपसाधनाऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइट्सच पुसल्या गेल्या. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ७७५ ग्राहकांना याची झळ बसली आणि काहींना सुमारे दोन आठवडे वाट पाहावी लागली. बॅकअप होते, पण मोठ्या संख्येतील ग्राहकांची माहिती इतरांच्या माहितीला धक्का न लावता वेगळी काढून पुन्हा बसवण्याची स्वयंचलित व्यवस्था तयार नव्हती, आणि सगळे घोडे तिथे अडले. व्यावसायिक निर्णयांनीही असेच होते. बर्लिनमध्ये तयार झालेले आणि लोकप्रिय असलेले वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचे साधन २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. ॲटलाशियनने ग्राहकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ‘सर्व्हर’ या आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवला. जबाबदारीही विक्रेत्यावर ढकलता येत नाही : भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहितीचा हेतू ठरवणारी संस्था, तिच्या वतीने दुसऱ्याने माहिती हाताळली तरी, उत्तरदायी राहते.

मराठीत काम करणाऱ्या टीमसाठी यापुढची मेख अधिक जवळची आहे. ‘देवनागरी चालते’ हे विक्रेत्याचे उत्तर बहुधा खरे असते, पण ते अपुरे असते, कारण अक्षरे दिसणे आणि अक्षरे सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत ‘ॲप’ या शब्दातले पहिले अक्षर दोन प्रकारे लिहिले जाते : ‘ॲ’ हे एकसंध अक्षर, जे २००८ मध्ये प्रणालीत आले, आणि ‘अ’ला जोडलेली अर्धचंद्र मात्रा. डोळ्यांना दोन्ही बहुतेक सारखीच दिसतात. संगणकाला ती निराळी आहेत. ‘अधिकाऱ्यांकडे’, ‘शेतकऱ्यांचा’ अशा शब्दांतल्या ‘ऱ्य’ची हीच गत आहे : कोणाचा कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, तर कोणाचा साध्या ‘र’च्या हलन्तानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह घालतो. शोधयंत्रणेने दोन्ही रूपे एक मानली नाहीत तर एकाने लिहिलेले कार्ड दुसऱ्याला शोधून सापडत नाही, आणि कार्ड हरवले असे समजून तेच काम दुसऱ्यांदा नोंदले जाते. मराठी प्रकाशनक्षेत्रात श्री-लिपीसारखे जुने, युनिकोडपूर्व फाँट अजून वापरात आहेत. त्यांतला मजकूर जसाच्या तसा कार्डात चिकटवला तर रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटते. शेवटची अडचण माहिती बाहेर काढताना येते : साध्या मजकुराच्या तक्त्याची, म्हणजे सीएसव्ही प्रकारची फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर, फाइलच्या आरंभी संकेतप्रणालीची खूण नसेल, तर देवनागरीच्या जागी अनाकलनीय चिन्हे दिसू शकतात.

या सगळ्यावरून चाचणीचे स्वरूप ठरते. प्रात्यक्षिकात दाखवलेल्या काल्पनिक कामांवर नव्हे, तर टीमच्या हातात असलेल्या खऱ्या वीस-पंचवीस कामांवर दोन आठवडे साधन चालवावे, आणि त्यात टीममधला सर्वांत नाखूश सभासद अवश्य असावा, कारण नोंदीची साखळी त्याच्यापाशीच तुटते. त्याला मोबाइलवरून एक काम नोंदायला किती टिचक्या लागतात हे मोजावे. पाच जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या जोड्या १०च होतात आणि भिंतीवरचा फळा त्यांना पुरू शकतो. बारा जणांत त्या ६६ होतात, आणि तेव्हा सामाईक नोंदीची गरज खरी ठरते. चाचणीच्या शेवटच्या दिवशी सर्व माहिती बाहेर काढून ती त्या साधनाशी संबंध नसलेल्या संगणकावर उघडावी आणि कार्डांवरच्या टिप्पण्या, जोडलेल्या फाइली, तारखा व मराठी मजकूर शाबूत आले आहेत का हे एकेक करून तपासावे. यांपैकी काही गळाले असेल आणि विक्रेत्याकडे त्यावर लेखी उत्तर नसेल, तर दर कितीही कमी असला तरी ते साधन घेऊ नये.