सोलानेझुमॅब

सोलानेझुमॅब हे अल्झायमर रोगावरील उपचारासाठी विकसित केलेले एक प्रायोगिक औषध होय. अमेरिकेतील एली लिली या कंपनीने ते तयार केले. मेंदूत साचणाऱ्या बीटा-अ‍ॅमिलॉइड या पदार्थाला चिकटणारे हे प्रतिपिंड दर चार आठवड्यांनी शिरेवाटे दिले जाई. २००९ पासून २०२३ पर्यंत त्याच्या अनेक मोठ्या मानवी चाचण्या झाल्या. त्यांपैकी एकाही चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही, त्यामुळे हे औषध बाजारात आले नाही. तथापि अल्झायमरवरील औषधांच्या चाचण्या कोणावर, केव्हा आणि कशा घ्याव्यात, यासंबंधीच्या आजच्या विचारावर सोलानेझुमॅबच्या अनुभवाचा मोठा प्रभाव आहे.

पार्श्वभूमी

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्याचे पहिले वर्णन सादर केले. रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदूचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण करताना त्यांना पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते दिसले. या पुंजक्यांना प्लाक म्हणतात. ते मुख्यतः बीटा-अ‍ॅमिलॉइडचे, तर गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात.

१९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी बीटा-अ‍ॅमिलॉइड वेगळे काढून त्याची ओळख पटवली. १९९२ मध्ये जॉन हार्डी आणि जेरल्ड हिगिन्स यांनी असे गृहीतक मांडले की, अ‍ॅमिलॉइड साचणे ही रोगाची पहिली पायरी असून टाऊचे गुंते, पेशींचा नाश व स्मृतिभ्रंश हे त्याचे क्रमाने होणारे परिणाम आहेत. हे गृहीतक खरे असेल, तर अ‍ॅमिलॉइडला आवर घातल्यास रोगालाही आवर बसायला हवा. डोनेपेझिलसारखी प्रचलित औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात, मात्र मेंदूतील ऱ्हास थांबवत नाहीत. त्यामुळे रोगाच्या मुळावर घाव घालू शकणाऱ्या औषधाकडून रुग्ण, कुटुंबीय व संशोधक या सर्वांनाच मोठी आशा होती.

स्वरूप व अपेक्षित कार्य

औषधाच्या नावातील ‘मॅब’ हा शेवट ते मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच पेशीवंशापासून मिळवलेले एकसारखे प्रतिपिंड असल्याचे दर्शवतो. ‘झु’ या अक्षरावरून मूळ प्रतिपिंड उंदराचे असून त्याची रचना मानवी प्रतिपिंडासारखी करून घेतली आहे, असे कळते. एम२६६ हे ते मूळ प्रतिपिंड होय.

सोलानेझुमॅब बीटा-अ‍ॅमिलॉइड रेणूच्या मधल्या भागाला चिकटते. द्रवात विरघळलेले सुटे रेणू ते पकडते. घट्ट झालेल्या प्लाकला मात्र ते चिकटत नाही. रक्तातील अ‍ॅमिलॉइड बांधले गेले की मेंदूतील अ‍ॅमिलॉइड रक्ताकडे ओढले जाईल आणि नवे प्लाक तयार होण्यास आळा बसेल, अशी कल्पना होती. २००१ व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांनी तिला बळ दिले. एम२६६ दिल्यावर उंदरांच्या रक्तातील अ‍ॅमिलॉइड अनेक पटींनी वाढले. दुसऱ्या प्रयोगात तर प्लाक कमी न होताही उंदरांची स्मृती सुधारल्याचे दिसले.

एक्सपेडिशन चाचण्या

पहिल्या दोन मोठ्या चाचण्यांना एक्सपेडिशन १ आणि एक्सपेडिशन २ अशी नावे होती. त्यांत अनुक्रमे १,०१२ व १,०४० रुग्ण सहभागी झाले. सर्वांचा आजार सौम्य किंवा मध्यम अवस्थेत होता. निम्म्या रुग्णांना ४०० मिलिग्रॅम औषध, तर उरलेल्यांना प्लासिबो, म्हणजे औषधी गुण नसलेला द्रव, सुमारे १८ महिने देण्यात आला. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही गुप्त ठेवले होते. २०१२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. दोन्ही चाचण्या मुख्य उद्दिष्टात अपयशी ठरल्या.

परंतु दोन्ही चाचण्यांतील केवळ सौम्य अवस्थेतील रुग्ण एकत्र करून पाहिले असता, औषध घेणाऱ्यांची बौद्धिक घसरण सुमारे ३४ टक्के कमी दिसली. निकाल हाती आल्यावर निवडलेल्या उपगटातील असा फरक पुरावा मानला जात नाही. अनेक उपगट तपासले, तर त्यांपैकी एखादा योगायोगानेही अनुकूल दिसू शकतो. म्हणून स्वतंत्र चाचणी आवश्यक होती. आणखी एक गोष्ट उघड झाली. ज्यांची तपासणी झाली होती, त्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांशांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइडचा साठाच नव्हता. केवळ लक्षणांवरून निदान झाल्यामुळे, ज्यांना या औषधाचा उपयोग होणे शक्य नव्हते, असेही लोक चाचणीत आले होते.

एक्सपेडिशन ३ मध्ये ही त्रुटी दूर करण्यात आली. सौम्य अवस्थेतील २,१२९ रुग्ण घेतले आणि पेट स्कॅन किंवा मेरुद्रवाच्या तपासणीने प्रत्येकाच्या मेंदूतील अ‍ॅमिलॉइडची खात्री करून घेतली. शब्द आठवणे, वस्तूंची नावे सांगणे, सूचनेप्रमाणे कृती करणे अशा कसोट्यांची ९० गुणांची मोजपट्टी वापरली. तिच्यात गुण जितके वाढतील तितकी अवस्था अधिक बिघडलेली समजतात. ८० आठवड्यांनंतर प्लासिबो गटाचे गुण सरासरी ७.४४ ने, तर औषध घेणाऱ्या गटाचे ६.६५ ने वाढले. हा फरक एका गुणाहूनही कमी होता. औषध निरुपयोगी असले तरी एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता दहात एक होती. संशोधनात ती सहसा विसात एकाहून कमी असावी लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीने अपयश जाहीर केले आणि सौम्य अल्झायमरसाठी मान्यता मागण्याचा विचार सोडला.

लक्षणांपूर्वीचे उपचार

लक्षणे दिसू लागतात तोवर मेंदूची बरीच हानी झालेली असते, त्यामुळे उपचार फार उशिरा दिला गेला असावा, असे अनेक संशोधकांचे मत होते. दोन चाचण्यांनी या शंकेची परीक्षा घेतली.

पहिली चाचणी आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांतील व्यक्तींवर झाली. अशा कुटुंबांत एका जनुकातील दोषामुळे बऱ्याच कमी वयात रोग होतो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात १४४ जण होते. सोलानेझुमॅबखेरीज गँटेनेरुमॅब हे दुसरे प्रतिपिंडही त्यात तपासले गेले. २०२० मध्ये दोन्ही औषधे अपयशी ठरल्याचे जाहीर झाले.

दुसरी चाचणी ए४ या नावाने ओळखली जाते. हार्वर्डच्या रीसा स्पर्लिंग यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व जपान येथे ती झाली. ६५ ते ८५ वर्षे वयाचे १,१६९ सहभागी त्या वेळी निरोगी जीवन जगत होते, पण पेट स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूत वाढलेले अ‍ॅमिलॉइड आढळले होते. हे जाणूनच त्यांनी सुमारे साडेचार वर्षे चाचणीत भाग घेतला. मात्रा पुढे १,६०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवण्यात आली. २०२३ मधील निष्कर्षानुसार बौद्धिक घसरण औषधाने मंदावली नाही. अ‍ॅमिलॉइडची वाढ औषध घेणाऱ्यांत काहीशी कमी होती, तरी ती थांबली नव्हती. ज्यांच्या मेंदूत आरंभी अ‍ॅमिलॉइड अधिक होते, त्यांची घसरणही अधिक झाली.

अपयशाची कारणमीमांसा

औषधाचे लक्ष्य योग्य नव्हते, हे एक प्रमुख स्पष्टीकरण दिले जाते. सोलानेझुमॅब सुटे रेणू पकडते, पण आधीच साचलेले प्लाक काढून टाकत नाही. शिवाय रक्तातील प्रतिपिंडांचा अत्यल्प भागच मेंदूपर्यंत पोचतो. उंदरांत दिसलेला परिणाम माणसांत दिसेलच, असेही नाही. जनुकबदल केलेल्या उंदरात अ‍ॅमिलॉइड साचते, परंतु मानवी रोगाची दीर्घ आणि गुंतागुंतीची वाटचाल त्यात उतरत नाही. काही संशोधकांनी या निष्कर्षांवरून अ‍ॅमिलॉइड गृहीतकावरच प्रश्नचिन्ह उपस्थित केले.

पुढील औषधे

लेकानेमॅब व डोनानेमॅब ही नंतरची प्रतिपिंडे मेंदूतील साठा प्रत्यक्ष कमी करतात. अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २०२३ व २०२४ मध्ये मान्यता मिळाली. डोनानेमॅब हे एली लिलीचेच औषध आहे. त्यांचा लाभ मर्यादित आहे. लेकानेमॅबच्या १,७९५ जणांवरील चाचणीत १८ महिन्यांनंतर १८ गुणांच्या मोजपट्टीवर केवळ ०.४५ गुणाचा फरक दिसला. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आल्याचे तपासणीत आढळले. सोलानेझुमॅबने असा त्रास क्वचितच होत असे. ए४ मध्ये मेंदूला सूज येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी होते. प्लाक हटवणारी औषधे काही अंशी गुणकारी ठरतात. मात्र सूज व सूक्ष्म रक्तस्राव हे धोकेही त्यांच्यासोबत येतात.

अ‍ॅमिलॉइडची खात्री करूनच सहभागी निवडणे आणि रोगाच्या आरंभी किंवा त्याही आधी उपचार सुरू करणे, या पद्धती सोलानेझुमॅबच्या चाचण्यांच्या काळात दृढ झाल्या. औषध गुणकारी ठरले नाही. परंतु त्याच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे सहभागी झालेल्या हजारो व्यक्तींमुळे अल्झायमरच्या आरंभीच्या टप्प्यांविषयीची मौलिक माहिती उपलब्ध झाली.