गेम बनवणारे एकमेकांना सापडले तेव्हा

महाराष्ट्रात गेम बनवण्याचा धंदा पाव शतकाहून जुना आहे, पण गेम बनवणाऱ्यांची एकमेकांशी ओळख बरीच उशिरा झाली. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. त्यानंतरची कितीतरी वर्षं इथे गेम म्हणजे साध्या फोनवरचा जावा गेम. नोकियाच्या सिरीज ४० च्या सुरुवातीच्या फोनवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागे. चित्रं, आवाज, कोड, सगळं त्यातच. शिवाय पडदे तऱ्हेतऱ्हेचे: कुठे १२८ बाय १२८, कुठे १७६ बाय २०८, कुठे २४० बाय ३२०. गेम एकदा तयार झाला की पुढे नुसतं पोर्टिंग चालायचं. त्या तंगीत काम केलेल्या लोकांइतके काटकसरी प्रोग्रॅमर मी नंतर पाहिले नाहीत. पण एका कंपनीतल्या माणसानं शोधलेली युक्ती शेजारच्या कंपनीतल्याला पुन्हा स्वतःच शोधावी लागे, कारण दोघांच्या भेटीची जागाच नव्हती.

२००८ मध्ये युबिसॉफ्टनं गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. जगभर खपणाऱ्या गेमांचं टेस्टिंग आणि पोर्टिंग पुण्यात होऊ लागलं, पगारही बरे मिळू लागले. अशा कामांना एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, असतो. दिवसभर काय केलं, हे घरीसुद्धा सांगता येत नाही. त्यामुळे स्वतःचं काही दाखवायची भूक असलेले लोक रात्री घरी बसून आपापले छोटे गेम बनवायचे, आणि ते दाखवायचे कुणाला हा प्रश्न राहायचाच.

२००९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. युनिटी हे इंजिन फुकट मिळू लागलं, आणि जानेवारीत पहिला ग्लोबल गेम जॅम झाला. जॅमचा तेव्हाचा नियम सोपा होता: शुक्रवारी संध्याकाळी विषय कळायचा आणि ४८ तासांत गेम उभा करायचा. २०१३ चा विषय म्हणजे एक शब्दही नव्हता; हृदयाच्या ठोक्यांचा नुसता आवाज ऐकवला होता. जॅममध्ये बनलेले बहुतेक गेम नंतर कुणी उघडत नाही, आणि त्यात काही वावगं नाही. शुक्रवारी अनोळखी असलेली चार माणसं रविवारी एकमेकांचे बग सोडवत असत, ही त्याची खरी मिळकत. नॅसकॉमची गेम डेव्हलपर परिषदही त्या काळात काही वर्षं पुण्यात भरत असे. तिथे झालेल्या ओळखी आधी फेसबुकवर, मग व्हॉट्सॲपवर आणि पुढे डिस्कॉर्डवर टिकल्या. मी या मंडळीत आलो तो याच काळात.

या मंडळीत काय चालतं, असं नवी मुलं विचारतात. खरं सांगायचं तर तिथे मोठी तात्त्विक चर्चा क्वचितच होते. बरीचशी विचारपूस अशी असते: स्टीमवर, म्हणजे गेमांच्या ऑनलाइन दुकानात, गेम टाकायला १०० डॉलर भरल्यावर पुढे काय? (ही पद्धत जून २०१७ पासूनची, त्याआधी ग्रीनलाइटमध्ये लोकांची मतं मिळवावी लागत.) अमेरिकी करासाठीचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म कसा भरायचा, पॅन कुठे लिहायचा? ‘लवकरच येत आहे’ असं पान किती आधी उघडलं तर विशलिस्ट जमते? आपल्या बँकेतल्या माणसाला स्टीम म्हणजे काय हे कसं समजवायचं? ही उत्तरं इंजिनच्या मॅन्युअलमध्ये नसतात. ती फक्त आपल्याच गावातल्या, आपल्याच बँकेत खातं असलेल्या, आधी ठेच खाल्लेल्या माणसाकडे असतात.

आणि दुसरी गोष्ट प्लेटेस्टची. घरचे लोक गेम छान आहे म्हणतात, आणि प्रेमानं म्हणतात. गेम बनवणारा माणूस मात्र तीन मिनिटं खेळून सांगतो की दुसऱ्या उडीला खेळणारा अडकतो आणि त्याला आपण का मेलो हे कळत नाही. हे ऐकताना वाईट वाटतं, पण पुढचा बिल्ड हमखास सुधारतो.

२०१७ मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’साठी किकस्टार्टरवर पैसे मागितले. मोहीम लक्ष्यापर्यंत पोहोचली नाही. डेमो मात्र लोकांना आवडला होता. संस्थापकांपैकी एकानं स्वतःचं घर विकलं आणि काम चालू ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या नामांकनात त्याचं नाव होतं. भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, भारतीय आणि बाली धाटणीची वास्तुकला, आणि हे सगळं पुण्यातल्या लहानशा टीमचं काम. त्यानंतर ‘इथून होत नाही’ हे वाक्य आमच्यात कमी ऐकू येऊ लागलं. करोनाच्या त्या काळात भेटी बंद होत्या, २०२१ चा ग्लोबल गेम जॅमही पूर्ण ऑनलाइन झाला. त्याचा एक फायदा असा की जळगाव, कोल्हापूर, लातूरची मुलं पुण्यातल्यांच्या बरोबरीनं एकाच खोलीत बसू लागली. त्याआधी त्यांना भेटीसाठी एसटीचं तिकीट काढावं लागे.

पण या सगळ्या काळात एक गोष्ट मागे पडली, आणि मला ती सलते. आपल्या गेममध्ये मराठी जवळजवळ नाही. त्यामागे बाजाराचं गणित आहेच, पण एक साधं तांत्रिक कारणही होतं. युनिटीत ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षर फुटून ल चा पाय मोडलेला दिसे. इंजिन अक्षरं एकामागून एक मांडत असे. देवनागरीला लागते तशी अक्षरांची जुळणी त्याला येत नव्हती. मग कुणी सगळा मजकूर चित्र म्हणून टाके, तर कुणी युनिकोडचा मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटच्या संकेतांत बदलून घेई. हे उपाय असेच एकाकडून दुसऱ्याकडे गेले. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये मात्र ही जुळणी इंजिनमध्येच आहे, आणि ते इंजिन फुकट आहे, मुक्त आहे. म्हणजे आता ही अडचण सांगून हात झटकता येणार नाहीत.

राहिलं बाजाराचं गणित. टोरोंटोतल्या एका छोट्या स्टुडिओचा ‘वेंबा’ हा गेम २०२३ मध्ये आला. कॅनडात राहायला गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या हातचे पदार्थ, तिच्या स्वयंपाकाच्या वहीतलं फाटकं पान. त्याला २०२४ मध्ये पदार्पणासाठी बाफ्टा मिळाला. तमिळ न कळणाऱ्यांनी तो आवडीनं खेळला. ‘स्थानिक गोष्ट बाहेर चालत नाही’ असं मानणाऱ्यांनी तो एकदा खेळावा.

म्हणून हे वाचणाऱ्या गेमवेड्या मुलामुलींना एक विनंती. गेम पूर्ण झाल्यावर दाखवू, असं म्हणत घरी बसू नका. चौकोन आणि गोल यांच्यापलीकडे चित्रं नसली तरी चालेल. तो बिल्ड घेऊन आपल्या शहरातल्या मंडळीत या, आणि दुसऱ्याचाही गेम तितक्याच मनापासून खेळा. पहिल्या मेन्यूत ‘सुरू करा’ हे दोन शब्द मराठीत लिहून बघा. अक्षरं नीट जुळली नाहीत, तर विचारा. सांगणारे लोक आता आहेत.