जुनी तोफ म्हणजे भंगार नव्हे!
तोफांच्या जतनकामात सुतार, लोहार, फिटर बांधवांना वाव

वरळी – येथील बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची घरघर लागली आणि येथील फिटर, टर्नर, सुतार यांना बाहेर काम शोधावे लागले. आता चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या देण्यात आल्या. ५०० चौरस फुटांचे घर मिळाले ही आनंदाची गोष्ट. परंतु चाळीच्या आवारात ठोकाठोकीचे काम होई, ते विसाव्या मजल्यावर होणार नाही. म्हणून हातात हुनर असलेल्यांनी नवी कामे हेरली पाहिजेत. जुन्या तोफा साफ करून, गाड्यावर चढवून मानाने मांडणे हे त्यांपैकी एक काम आहे.

राजभवनातील दोन तोफा

याचे उदाहरण मुंबईतच आहे. मलबार हिलच्या राजभवनात टेकडीच्या पायथ्याशी ब्रिटिशकालीन दोन तोफा पडून होत्या. प्रत्येकीचे वजन सुमारे २२ टन आणि लांबी ४.७ मीटर! नोव्हेंबर २०१८ मध्ये क्रेन लावून त्या सुमारे ५० मीटर वर आणण्यात आल्या आणि 'जलविहार' सभागृहासमोर मांडण्यात आल्या. राज्यातील गडकोटांवरही सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्था जमिनीवर पडलेल्या तोफांना सागवानी गाडे बसवीत आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. तेव्हा हे काम वाढण्याचीच चिन्हे आहेत.

दीडशे रुपयांची तोफ

तोफेचा धंदा आपल्या कारागिरांना परका नाही. विजापूरची 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या उस्तादाने बुऱ्हाण निजामशहासाठी ओतली. तांबे व कथील यांच्या मिश्रणाची ही तोफ सुमारे ५५ टनांची सांगितली जाते. इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये, तिचा लिलाव पुकारला गेला आणि बोली लागली अवघी १५० रुपये! सुदैवाने तो लिलाव रद्द झाला. तो कायम झाला असता तर तोफ भट्टीत गेली असती आणि तिच्यावर कोरलेले उस्तादाचे नावही पुसले गेले असते. जंजिऱ्याच्या किल्ल्यावरील 'कलाल बांगडी' आजही पर्यटकांना खेचून आणते. वितळवलेल्या धातूचे दाम एकदाच मिळतात. जतन केलेली तोफ पिढ्यान्पिढ्या रोजगार देते.

काम कसे करावे?

प्रथम तोफेत दारूगोळा अडकलेला नाही याची पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाकडून खात्री करून घ्यावी. तोपर्यंत तापवणे, ठोकणे, ड्रिल मारणे हे सर्व वर्ज्य. त्यानंतर सर्व बाजूंनी फोटो काढून मापे व लेख नोंदवावेत.

गंज काढताना ग्राइंडर, वाळूचा मारा किंवा तेजाब वापरू नये. तोफ लवकर चकाकते खरी, पण तिच्यावरचा लेख, राजचिन्ह, वजनाचे आकडे निघून जातात आणि तोफेची ओळखच नष्ट होते. लाकडी खरवडणी व मऊ ब्रश यांनीच काम करावे. समुद्रकाठच्या तोफांत क्षार मुरलेले असतात. ते सोडाच्या पाण्यात सौम्य वीजप्रवाह देऊन हळूहळू काढतात. याला महिनेही लागतात व हे काम जाणकार रसायनतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावे. क्षार आत राहिले तर वरून कितीही रंग लावा, दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. लोखंड सुकल्यावर टॅनिक अॅसिडचा हात व त्यावर मेणाचा थर देतात. पितळी किंवा काशाची तोफ घासून चमकवू नये. तिच्यावरचा काळसर-हिरवट थर सहसा तिचे रक्षणच करतो.

गाडा पक्क्या, सुकलेल्या सागाचा असावा. तोफेचा भार दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर येतो, म्हणून तेथील लोखंडी पट्ट्या लोहाराकडून मापाने करून घ्याव्यात. तोंडातून व बत्तीच्या कानातून पाणी आत साचणार नाही, अशी उताराची व्यवस्था ठेवावी.

मांडलेली तोफ उडवण्यासाठी नसते, हेही ध्यानात ठेवावे. मध्य प्रदेशातील रायसेनच्या किल्ल्यावर रमजानमध्ये सहरी व इफ्तारची वेळ कळवण्यासाठी तोफ उडवतात, पण तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यानेच.

भंगारवाले बांधवांनो, सावधान!

शंभर वर्षांहून जुनी तोफ ही कायद्याने पुरावस्तू ठरते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यापाऱ्याला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. तसे केल्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. पाया खणताना तोफ सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे आवश्यक आहे. चार पैशांच्या नफ्यापायी आयुष्यभराचा धंदा व इज्जत घालवू नये.

सरकारी किंवा संरक्षित किल्ल्यावरील तोफेला पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नये. काम हवे असणाऱ्यांनी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, संग्रहालयांकडे व दुर्गसंस्थांकडे आपल्या कामाच्या फोटोंसह अर्ज करावेत. एकटा माणूस हे काम उचलू शकत नाही. सुतार, लोहार, वेल्डर व क्रेनवाला यांनी मिळून गट करावा, दर आधी लेखी ठरवावा आणि हिशेब चोख ठेवावा.

हजरत दाऊद (अलै.) हे हाताच्या कमाईवर जगत आणि लोखंडाचे काम करीत. त्या कसबाचा वारसा ज्यांच्या हाती आहे, त्यांनी रूमी उस्तादाची ही अमानत सांभाळावी. हलाल रोजीही त्यातूनच मिळेल, इन्शाअल्लाह.