मिनिटाला हजार शब्द वाचणं खरंच शक्य आहे का?

‘रोज एक पुस्तक संपवा’, ‘वाचनाचा वेग तिप्पट करा’ अशा रील्स तुमच्याही फीडवर आल्या असतील. पानावरून सरसर फिरणारं बोट, थक्क झालेला चेहरा आणि शेवटी कोर्सची लिंक. यातली बोट फिरवायची युक्ती बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या शिक्षिका एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये ‘रीडिंग डायनॅमिक्स’ नावाने असे वर्ग सुरू केले. ते इतके गाजले की, अध्यक्ष जिमी कार्टर यांनीही पदावर असताना हा कोर्स केला.

एवढी मोठी माणसं शिकली म्हणजे त्यात तथ्य असणारच, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. पण या वर्गांत शिकलेल्यांची चाचणी झाली तेव्हा गंमत समोर आली. माहितीपर उताऱ्यावरच्या प्रश्नांत त्यांना सुमारे ६८ टक्के गुण मिळाले. चांगलेच वाटतात ना? मग रोनाल्ड कार्व्हर या संशोधकाने तेच प्रश्न उतारा अजिबात न वाचलेल्या लोकांना दिले. त्यांनाही ५७ टक्के मिळाले! सामान्यज्ञान आणि अंदाज यांवरच निम्म्याहून जास्त प्रश्न सुटत होते. त्यामुळे ‘वेग तिप्पट, आकलन ७० टक्के’ असा दावा दिसला की, ते आकलन मोजलं कसं, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मग माणूस साधारण किती वेगाने वाचतो? बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. इंग्रजीत मनातल्या मनात वाचताना प्रौढांचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द, तर कथा-कादंबऱ्यांसाठी २६० शब्द निघाला. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा आपला एकच शब्द इंग्रजीत सांगायला चार शब्द लागतात. त्यामुळे इंग्रजी ॲपवरचा आकडा बघून मराठी वाचकाने स्वतःला ‘स्लो’ ठरवण्याचं कारण नाही.

अख्खा परिच्छेद एका नजरेत?

वाचताना नजर ओळीवरून सलग सरकत नाही, ती उड्या मारते. प्रत्येक उडीनंतर ती साधारण पाव सेकंद थांबते आणि अक्षरं टिपली जातात ती या थांब्यात. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढाच भाग डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतो. इंग्रजी वाचताना नजर जिथे थांबते तिथून उजवीकडे ७-८ अक्षरांपर्यंतचे शब्द ओळखता येतात. त्यापुढच्या अक्षरांचा फक्त अंदाज येतो, तोही १४-१५ अक्षरांपर्यंतच. ही मर्यादा बरीचशी डोळ्याच्या रचनेतूनच येते, सरावाने ती रचना बदलत नाही.

मग उड्याच टाळल्या तर? २०१४ मध्ये ‘स्प्रिट्झ’ या ॲपने हाच मार्ग सुचवला. स्क्रीनवर एकाच जागी एकामागून एक शब्द येत राहतात, डोळा हलवायचा नाही. पण उड्यांमध्ये वाचनाचा जेमतेम दहावा हिस्सा वेळ जातो, त्यामुळे वाचवून वाचवणार किती? शिवाय मागे जाता येत नाही, हे नुकसान वेगळंच. त्याच वर्षी एका प्रयोगात, नजर पुढे गेली की वाचून झालेले शब्द झाकले जातील अशी सोय केली होती. मागे वळून बघण्याचा उपयोग संपला आणि लोकांचं आकलन घसरलं. मागे जाणं ही वाईट सवय आहे असं कोर्समध्ये शिकवतात. प्रत्यक्षात काहीतरी निसटलं हे मेंदूला कळतं म्हणून आपण मागे जातो.

‘मनातला आवाज बंद करा’ हा सल्लाही असाच. प्रयोगांमध्ये वाचताना लोकांना मोठ्याने अंक मोजायला लावले, म्हणजे हा आवाज दाबला गेला. तेव्हा वेगवेगळ्या वाक्यांचा संबंध जोडून अर्थ लावणं त्यांना जड गेलं. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी ही बाब साधी नाही. ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?’ यातला ‘नाही’ निसटला की, येणाऱ्या प्रश्नाचेही गुण कापले जातात.

पैशांचंही नुकसान होतंच. १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘मेगा रीडिंग’ नावाच्या कार्यक्रमाच्या जाहिरातींमधल्या दाव्यांवर कारवाई केली होती.

मग भरभर वाचायचंच नाही का?

वरवर चाळणं हे उपयोगाचं कौशल्य आहे. शीर्षकं, परिच्छेदांची पहिली वाक्यं, तक्ते बघून हवं ते शोधायचं आणि तिथे सावकाश वाचायचं. बातमी, अहवाल, ईमेल यांसाठी ते पुरतं. कर्जाचा करार किंवा औषधाची चिठ्ठी यांसाठी नाही.

वेग खरोखर वाढतो तो शब्दसंग्रह आणि विषयाची ओळख वाढल्यावर. अर्थसंकल्पाची बातमी पहिल्यांदा वाचणारा ‘राजकोषीय तूट’, ‘महसुली खर्च’ अशा प्रत्येक शब्दावर अडतो. रोज वर्तमानपत्र वाचणारा तेच पान चहा संपेपर्यंत वाचून बाजूला ठेवतो.