एकच नाव, वेगळी गाडी

आज आपण मोटारगाड्यांबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने गाड्यांवर काय बोलावे, असे दोन-चार चेहऱ्यांवर दिसते आहे. पण प्रश्न आमच्याच शास्त्रातला, आणि जुना आहे. नाव एक असले म्हणजे वस्तूही एक असते का? नैयायिकांनी घटावर जेवढा खल केला, त्याच्या शतांश तरी आपण गाडीवर करू.

आता आपल्या औंढ्यातही अशी घरे आहेत की ज्यांचा कुणी भाचा अमेरिकेत, कुणी पुतणी जर्मनीत असते. फोनवर बोलणे होते, "आमच्याकडेपण तीच गाडी आहे हं." नाव तेच असते, बिल्लाही तोच. पण दोन्ही गाड्या शेजारी लावल्या तर फरक दिसू लागतात. आधी डोळ्याला दिसणारे बघू. युरोपात मागचा इंडिकेटर पिवळाच लागतो, अमेरिकेत लाल चालतो. म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी गाड्यांत ब्रेकचाच दिवा उघडझाप करून वळण दाखवतो. अमेरिकेत गाडीच्या बाजूला, पुढे पिवळा आणि मागे लाल, असा छोटा दिवा लागतो. १९७०च्या दशकात मर्सिडीजच्या अमेरिकेतल्या गाड्यांना जे जाडजूड बंपर आले, ते सौंदर्यासाठी नव्हेत. सावकाश धडकेत दिवे वगैरे फुटू नयेत, असा तिथला नियम झाला होता. युरोपात तीच गाडी सडपातळ राहिली.

हे झाले वरवरचे. मुळातला फरक असा की मान्यता द्यायची पद्धतच निराळी. युरोपात गाडी विकण्याआधी सरकारमान्य यंत्रणा नमुना तपासते आणि मग परवानगी देते. अमेरिकेत कंपनी स्वतःच सांगते, "आमची गाडी नियमात बसते." सरकार बाजारातून गाडी उचलून नंतर तपासते, आणि खोटे निघाले तर कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागतात. एक पद्धत आधी शंका घेणारी, दुसरी आधी विश्वास टाकून मग जाब विचारणारी. आपली पद्धत युरोपच्या जवळची आहे. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, आणि नमुना तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या आपल्या संस्थांपैकी ती एक.

आता जरा थांबून एअरबॅगकडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत म्हणायचे, पण विषय जिवाचा आहे. अमेरिकेच्या नियमात एक चाचणी अशी आहे की पुढे बसवलेल्या पुतळ्याला सीटबेल्ट लावलेला नसतो. गाडी भिंतीवर आदळायची, आणि तरी तो पुतळा वाचला पाहिजे. का? कारण तिथे बेल्ट न लावणारे पुष्कळ होते, आणि न्यू हॅम्पशायर राज्यात तर आजही प्रौढांना बेल्टची सक्ती नाही. युरोपने धरून चालले की माणूस बेल्ट लावणारच, एअरबॅग त्याच्या जोडीला. म्हणून दोन्हीकडच्या एअरबॅगचा आकार, जोर, उघडण्याची वेळ यांची जुळणी वेगवेगळी करावी लागते. उलट रस्त्याने चालणाऱ्याच्या डोक्याला नि पायाला गाडीचे नाक किती लागेल, याची अट युरोपने २००५ पासून नव्या मॉडेलना लावली. अमेरिकेने त्या वाटेला जायला फार वेळ लावला.

म्हणजे बघा, नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी एक माणूस असतो. एकाच्या समोर बेल्ट न लावणारा चालक, दुसऱ्याच्या समोर फूटपाथवरून उतरलेली म्हातारी. पत्र्याची घडी त्या माणसाप्रमाणे पडते.

मग आपल्या नियमात कोण बसला होता? आम्हाला वाटते, बराच काळ तिथे फक्त किंमत विचारणारा गिऱ्हाईक बसला होता. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आले. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. झाले! डिक्या कापल्या गेल्या. फोक्सवॅगनने चाकणला अमिओ काढली २०१६ साली, ती खास भारतासाठी. चार मीटरच्या रेघेला पाच मिलिमीटर कमी. जीएसटी आला तरी ती रेघ पुसली नाही. आणि हा केवळ आपलाच अडाणीपणा समजू नका. इटलीत २००० सीसीच्या वर जबर कर होता, तर फेरारीने तिथल्यासाठी इंजिन लहान केलेली २०८ काढली होती. कर सगळीकडेच सुताराचे काम करतो.

आपल्या पुण्याच्या गाडीचेही असे झाले आहे. टाटांची इंडिका २००३ साली विलायतेत रोव्हरच्या नावाने गेली, सिटीरोव्हर म्हणून. गाडी पुण्यातच बनायची. तिकडच्यासाठी सस्पेन्शन बदलले, पुढचा चेहरा बदलला, आणि किंमत एवढी लावली की गिऱ्हाईक बिचकले. २००५ मध्ये रोव्हर कंपनीच बुडाली. तळेगावची शेवरोले बीट तर याहून विचित्र. भारतात शेवरोलेची विक्री २०१७ अखेर थांबली, पण कारखाना २०२० अखेरपर्यंत डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्या मेक्सिकोसारख्या देशांसाठी बनवत राहिला.

पण खरा धक्का २०१४ च्या जानेवारीतला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या: आल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. पाचही बिनएअरबॅगच्या. मोठ्या माणसाच्या सुरक्षेत पाचही शून्य. त्यातली पोलो चाकणची. तिचा सांगाडा टिकला होता, माणूस टिकला नसता. दोन एअरबॅग असलेली पोलो तपासली तर चार तारे! युरोपात एअरबॅगशिवायची पोलो कुणी विकत नव्हते. कंपनीने लगेच बिनएअरबॅगची पोलो बंद केली. म्हणजे करता येत होते. चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली १ जुलै २०१९ ला, शेजारच्याची २०२१ मध्ये. आघाताची चाचणीही २०१७ मध्ये नव्या मॉडेलना आणि २०१९ मध्ये सगळ्यांना लागू झाली. मधल्या वर्षांत ज्यांनी स्वस्तातली गाडी घेतली, त्यांना ते काय विकत घेत नाहीत, हे कुणी नीट सांगितले?

इथे एक आडवळण घेतो. आपल्याच तालुक्यात लायगोचे काम चालले आहे. त्याच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांसारख्याच. तिथे 'भारतीय गिऱ्हाइकासाठी थोडे स्वस्त' असे म्हणायची सोय नाही. तिन्ही कान एकाच तोलाचे लागतात. चार मीटरला आपण सवलत मागितली, चार किलोमीटरला मागत नाही. असो.

आता व्यवहाराचे. बरेच जण विचारतात, गाडी कुठली हे कळावे कसे? चेसिस नंबर बघा. पहिली दोन अक्षरे 'एमए' ते 'एमई' असली की गाडी भारतात बनली. पण त्यातून ती कुणासाठी बनली, हे कळत नाही. फोर्डची इकोस्पोर्ट चेन्नईहून अमेरिकेलाही जायची, तिच्याही नंबरात 'एम' असे. इथे मागच्या दारावर जादा चाक, तिथे ते चाकच नाही. म्हणून दुकानात दोन गोष्टी विचारा. तारे मिळाले ते याच देशातल्या गाडीला का? आणि आम्ही घेतोय त्या प्रकाराला का? भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण ती चाचणी कंपनीच्या मर्जीवर आहे. तारे नसलेली गाडी वाईटच असे नव्हे. तपासलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, नियम आधीपासून आहे. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरला सायरस मिस्त्री गेले, ते भारी गाडीत मागेच बसले होते, बेल्ट लावलेला नव्हता. परदेशातला पुतळा बेल्टशिवाय वाचावा म्हणून केलेली रचना आपल्या गाडीत असेलच, असे धरून चालू नका.